इंग्रजी येत असलं तरी

मंक्टनला, म्हणजे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, राहते म्हटलं की बोलणं भाषेवर येतंच. मग हमखास प्रश्न येतो, "तिथल्या फ्रेंच लोकांना इंग्रजी येतंच ना? मग पोलिसांनी दोन भाषांचा खटाटोप कशाला करायचा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

येतं, पुष्कळांना उत्तम येतं. तरीही हा खटाटोप व्हायलाच हवा.

इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत असलेला न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव प्रांत. तसा कायदा १९६९ सालचा. पण २००० साली याच प्रांतातल्या वुडस्टॉकजवळ, म्हणजे इंग्रजी मुलखात, एका अकेडियन (इथल्या मूळच्या फ्रेंच भाषिक समाजातल्या) बाईंना वेगात गाडी चालवल्याबद्दल अडवलं गेलं आणि आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाच्या, शिपायाला फ्रेंच येत नव्हतं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरसीएमपी पडली केंद्राची. फ्रेंच बोलणारे जिथे पुरेसे असतील तिथेच ती सेवा द्यायची, असं तिचं म्हणणं. २००८ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं, की करार करून प्रांताचं काम अंगावर घेतलंत, तर प्रांताची भाषिक जबाबदारीही घेतलीत. वस्ती कोणाची आहे, हा प्रश्नच उरला नाही.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते प्रांताच्या २००२ च्या नव्या भाषा-कायद्यातलं कलम. कोणत्या भाषेत बोलायचं हे निवडण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे पोलिसानेच सांगायचं. "हॅलो, बाँजूर" ही त्याची सुरुवात. रात्री हायवेवर, मागे निळे-लाल दिवे लुकलुकत असताना, कोण स्वतःहून फ्रेंच मागेल? माणूस समोरच्याच्या भाषेतच उत्तर देतो, आणि तीच त्याची पसंती धरली जाते. श्वासचाचणी, वकिलाला फोन, जबाब ही पुढची पायरी आली, की एकेका शब्दावर खटला फिरू शकतो.

प्रत्येक शिपायाला दोन्ही भाषा यायलाच हव्यात असं कायदा म्हणत नाही. येत नसेल तर वाजवी वेळात दुसऱ्याची सोय करायची. माझं खरं भांडण या 'वाजवी वेळा'शी आहे. फ्रेंच निवडणाऱ्याला रस्त्याच्या कडेला ताटकळत बसावं लागणार असेल, तर तो पुढच्या वेळी मुकाट्याने इंग्रजीतच बोलेल. म्हणून दोन्ही भाषा येणारा माणूस प्रत्येक पाळीत आणि जवळपासच हवा, फ्रेंच क्वचितच कानावर पडणाऱ्या वुडस्टॉकच्या बाजूलासुद्धा.