"लाल कमी वाटतोय म्हणतात, शेठ"

छपाईची प्रेस सांभाळून एवढी सायकल कशी काय चालवतोस, वेळ मिळतो कुठून, हा प्रश्न ठरलेला. वेळ निघतो हो. पहाटे साडेचारला कुठलीच पार्टी फोन करत नाही, तेव्हा दोन तास सहज सुटतात. अडतं ते दुसरीकडेच, आणि ते नेमकं कुठे हे मागच्या ३०० किमीच्या ब्रेव्हेला समजलं, म्हणजे समजलंय असं वाटतं. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नाही. ३०० किमी २० तासांत, ४०० किमी २७ तासांत, ६०० किमी ४० तासांत, नंबर कुणाचाच काढत नाहीत. पण वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि प्रत्येक कंट्रोल साधारण ताशी १५ किमीच्या हिशेबाने बंद होतो. १६० किमीवरचा कंट्रोल सुरुवातीपासून १० तास ४० मिनिटांनी बंद. उशीर झाला की पाय कितीही ताजे असोत, बाद. बाहेरून वाटतं आरामात चालवत असतील, पण ताशी १५ मध्ये पंक्चर, जेवण, पाणी भरणं आणि फोन सगळं आलं.

माझी प्रेस लहान. चार कलरचं एक ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, मशीनमन मामा, त्यांचा हेल्पर, बाइंडिंगला दोन बायका आणि मी. दिवसभर उभं राहायचं, कागदाचे गठ्ठे उचलायचे, आणि यातलं काहीही हातातल्या घड्याळाला कळत नाही. पॅलेटभर कागद हाताने आत घेतला त्या संध्याकाळी घड्याळ म्हणालं, तुमचं ट्रेनिंग अनप्रोडक्टिव्ह आहे. ट्रेनिंगचे प्लॅन बनवणारी सगळी मंडळी खुर्चीवर बसून नोकरी करतात असा माझा ठाम समज झालाय.

तर काम होतं एका कंपनीच्या पुस्तिकेचं, चार कलर आणि वर त्यांचा खास लाल, पाचवा कलर. चार कलरच्या मशीनवर पाचवा कलर म्हणजे सगळा कागद दुसऱ्यांदा मशीनमधून काढायचा. कागद मशीनमधून एकदा गेला की एक पास. आणि ही दोन पासमधली गॅप फार वाईट, कागद हवेतली ओल पितो आणि केसभर वाढतो, तेवढ्यानेही लाल अक्षर आपल्या जागेवर बसत नाही, मग रजिस्टर मारत, म्हणजे रंगावर रंग जुळवत बसा. म्हणून पहिला पास झाला की गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा आणि लगेच दुसरा काढायचा. ठरलं होतं गुरुवारी संपवायचं. पण डिझायनरने फाइल दिली उशिरा, त्यात निम्मे फोटो आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतले, ते छपाईच्या रंगांत बदलून प्लेटी करेपर्यंत पहिला पास गेला शुक्रवार संध्याकाळवर. लाल शनिवारी. ब्रेव्हेही शनिवारी, पहाटे पाचला सुरू.

मला यात काही वावगं वाटलं नाही. लालची नमुना शीट आधीच काढून पार्टीची त्यावर सही घेतलेली, मामा माझ्या वडिलांच्या वेळपासून मशीनवर, मी असून वेगळं काय करणार होतो? (हा प्रश्न तेव्हा असाच विचारलेला, उत्तर पुढे येईल.)

तीनच्या सुमाराला १६० च्या कंट्रोलवर पोचलो. हातात चाळीसेक मिनिटं, पाय ठीक, पोट ठीक, दर तासाला साठ-सत्तर ग्रॅम कार्ब्ज आत जात होते. रांगेत उभा होतो तेवढ्यात फोन.

"शेठ, पार्टी आलीय. लाल कमी वाटतोय म्हणतात."

"सही केलेल्या शीटला लावून बघितलं का?"

"बरोबर आहे. ओली आहे म्हणून जरा वरच ठेवलीय."

हे वरच ठेवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण मामांचं अर्धं शहाणपण तिथेच आहे. ओली शाई चमकते, वाळली की रंग बसतो. म्हणून वाळलेल्या नमुन्याशी ओली शीट तंतोतंत जुळवलीत तर उद्या ती फिकी दिसणार. मामा किती बसेल त्याचा अंदाज घेऊन तेवढी शाई आधीच जास्त ठेवतात, आणि तो अंदाज कागदागणिक वेगळा. इथे कागद होता अनकोटेड, म्हणजे वर गुळगुळीत थर नसलेला, पार्टीनेच हात फिरवून निवडलेला, "फील छान आहे" म्हणून. पण लाल त्यांनी निवडला कोटेडच्या शेड कार्डावरून. पँटोन म्हणजे रंगांना नंबर देणारी शेड कार्डं, त्यांच्या एकाच नंबराला मागे सी असतो नाहीतर यू, कोटेड आणि अनकोटेड, आणि काही शेड या दोन पुस्तकांत शेजारी धरल्या तर चुलत भावंडंही वाटत नाहीत. अनकोटेड कागद शाई पिऊन टाकतो, लाल पेटत नाही. हे सहीच्या वेळी मी दोन्ही पुस्तकं उघडून दाखवलं होतं. मान डोलावली होती सगळ्यांनी.

मग पार्टीने फोन घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या दुसऱ्या मोबाइलवर त्यांचा लोगो उघडा, तो त्यांनी छापलेल्या शीटशेजारी धरलेला, आणि मी भर उन्हात हेल्मेट घालून, घामाने ओल्या बोटाने पुसलेल्या स्क्रीनवर, त्यांच्या स्क्रीनवरचा लाल आणि कागदावरचा लाल यांच्यातला फरक बघतोय. स्क्रीनमधून उजेड येतो, कागदावरून तो परततो, कितीही शाई ओता, कागद मोबाइलसारखा दिसणार नाही. हे मी किती लोकांना किती वेळा सांगितलंय! समोरचा दर वेळी हो म्हणतो आणि परत मोबाइल शेजारी धरतो.

"थोडी वाढवा ना, दुसरं काही नाही."

थोडी वाढवली तर काय होतं ते मला झोपेतही सांगता येतं. अनकोटेडवर शाई वाळायला वेळ लागतो, मशीनच्या डिलिव्हरीत, म्हणजे छापून बाहेर येते तिथे, शीटवर शीट पडली की वरच्या शीटच्या पाठीला लाल लागतो, मध्ये न चिकटण्याची पावडर मारूनही लागतो, आणि हे संध्याकाळीच कटिंगला जायचं होतं, कटरचा क्लॅम्प वरून दाबला की उरलंसुरलंही उमटतं. शिवाय लाल पट्टीत पांढरी बारीक अक्षरं होती, ती भरून गेली असती. एरवी हे सगळं मी एका दमात बोललो असतो. तिथे मला वाक्य जुळवता येईना. मुद्दे माहीत होते, ओळीने उभे राहत नव्हते.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग मला माहीत आहे. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं कॉम्प्युटरवरचं काम दिलं आणि मग ठरावीक लोडवर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. डोकं ताजं असताना सरासरी ७५४ सेकंद टिकलेले तेच लोक ६४० सेकंदांत थांबले. हृदय-स्नायूंच्या मोजमापांत त्याचं कारण सापडलं नाही, फक्त कष्ट जास्त जाणवले. दिवसभर कोटेशन करून संध्याकाळी इंटरव्हल मारणाऱ्या कुठल्याही धंदेवाल्याला हे सांगायला प्रयोग लागत नाही. पण दहा तास सायकल मारलेल्या माणसाने लाल पास करावा की नाही, यावर कुणी काही केलंय का बघायला पाहिजे.

मी नुसता "हं" म्हणालो बहुतेक. मग मामा परत फोनवर आले, आवाज खाली घेऊन, "शेठ, मी त्यांना नाही म्हणालोय. तुम्ही हो म्हणत असाल तर वाढवतो."

म्हणजे मामांना उपाय नको होता. निर्णय होऊन गेला होता, फक्त तो कुणाच्या नावावर टाकायचा एवढाच प्रश्न. मी म्हणालो, मामा म्हणतात तसंच छापा. पार्टी गप्प झाली, शीटवर सही केली, फोन बंद. शिक्का मारणारा मुलगा घड्याळाकडे बोट दाखवत होता. मिळाला शिक्का. उरलेले १४० किमी पायांचं काही आठवत नाही, डोकं पूर्ण वेळ प्रेसमध्ये होतं. वेळेत संपवली.

काम त्याच संध्याकाळी गेलं. पैसे वेळेवर आले, तक्रार शून्य. पण या दिवसांत त्यांचा मोठा कॅटलॉग आमच्याकडे येतो, तो अजून आलेला नाही. बजेट नसेल, दुसरी प्रेस असेल, नाहीतर तो लाल असेल. विचारता येत नाही.

आणि आता त्या कंसातल्या प्रश्नाचं उत्तर. मी असतो तर काय केलं असतं हे प्रत्येक प्रेसवाल्याला माहीत आहे. शाईच्या चाव्यांवर हात ठेवायचा, थोडं इकडेतिकडे केल्यासारखं करायचं, वीसेक शीट सोडायच्या आणि जवळजवळ तीच शीट परत समोर धरायची. "हं, आता बरं वाटतंय." दहातले नऊ जण खूश होऊन जातात, लाल तोच असतो. मामा हे करत नाहीत, करणारही नाहीत, त्यांच्या मते ही मशीनची थट्टा आहे. फोनवरून हे नाटक होत नाही. छपाई, कटिंग, डिस्पॅच, सगळं माझ्याशिवाय चाललं. मालक हजर लागतो तो फक्त या दहा मिनिटांसाठी, हे मला अजून गिळलं जात नाहीये. सरळ "नाही" ऐकून पार्टी गेली असेल तर धंद्याच्या हिशेबात ती दहा मिनिटं सगळ्यात महाग. आणि मामा तर शंभर टक्के बरोबर होते.

धंद्यातला एक मित्र म्हणाला, मालक नसताना नाही म्हणणारा माणूस ठेवू नये. त्याच्या प्रेसमधून मशीनमन दर वर्षी का सुटतो ते मला आत्ता कळलं.

पुढे ४०० आहे, म्हणजे २७ तास फोन जवळपास बंदच. मामांना विचारलं सांभाळाल ना. म्हणाले, "सांभाळतो. पण एक लेखी द्या शेठ, मशीनवर पास करायची सही माझी." मी म्हटलं देतो की. तर म्हणाले, "आणि नापास करायची पण." पहिलं वाक्य लिहून झालंय, दुसऱ्याशी पेन थांबलंय, आणि एन्ट्री बंद व्हायची तारीख जवळ आलीय.