करबुड्याच्या बोगद्यातला उजेड: मांडवीने जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरीला जाताना सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसमध्ये मुद्दाम स्लीपरची खिडकी घेतली. संगमेश्वर सुटलं, उक्षी गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. ताशी ७५ किलोमीटरचा वेग धरला तरी पाच मिनिटं बोगद्यातच.

समोर एक निवृत्त ट्रॅकमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, बसले होते. "उजेड आम्हाला लागतो, गाडीला नाय," ते म्हणाले, आणि बोगद्यातल्या दिव्यांचं सगळं गणित इथेच आहे. लोको पायलट, म्हणजे गाडीचा चालक, सिग्नल बघून गाडी हाकतो, हेडलाइट त्याच्याकडे असतोच. भिंतीवरचे दिवे गस्तवाल्यांसाठी, रूळ तपासणाऱ्यांसाठी आणि गाडी आत अडकलीच तर प्रवाशांसाठी.

मग ते चोवीस तास कशाला जाळायचे? समजा, दर १० मीटरवर २० वॉटचा एक दिवा. म्हणजे ६५० दिवे, १३ किलोवॉट, दिवसाला ३१२ युनिट. तेच चार तास लावले तर ५२! जुने सोडियमचे दिवे पूर्ण उजळायला काही मिनिटं घेत, आणि विझवले तर लगेच पुन्हा लागत नसत. एलईडीला ती अडचण नाही, हवे तेव्हाच लावता येतात.

पण त्यासाठी नुसते सेन्सर लावून भागत नाही. हालचाल टिपणारा साधा सेन्सर गाडी गेली तरी दिवे लावील, आणि रुळाशी बसून अर्धा तास बोल्ट आवळणाऱ्या माणसावर ऐन कामात अंधार करील. म्हणून दिवे टप्प्याटप्प्याने लागावेत, गाडी येताना माणसं ज्या कोनाड्यांत उभी राहतात तिथे हाताने दाबायचं बटण असावं, आणि यंत्रणा बिघडली तर दिवे लागलेलेच राहावेत. आत गाडी थांबली की सगळे लागावेत, वीज गेली तर बॅटरीवर. एवढं नसेल तर वाचलेल्या युनिटांचं मला कौतुक नाही.

जाणार असाल तर एसीचा डबा नको, त्या काचेतून भिंत धड दिसत नाही. दारात उभं राहू नका, हात बाहेर काढू नका. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं आणि गाड्या सावकाश धावतात. बघायला ते बरंच, फक्त वेळ आधी तपासा. बोगद्यात पायी मुळीच शिरू नका, परवानगीशिवाय रुळांवर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सवड असेल तर तिकीट कणकवलीपर्यंत काढा. रत्नागिरीनंतर टिके आणि बेर्डेवाडी हे चार-चार किलोमीटरचे बोगदेही बघून होतात.