अकरा पॉइंट सहा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मी मेळघाटात काम करणाऱ्या एका संस्थेत डेटा बघते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांची वजनं, उंची, दंडघेर, सगळं टॅबवरून येतं. गावांत रेंज नसते म्हणून कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा रेंज मिळेल तिथे येऊन सिंक करतात आणि मी परतवाड्याच्या ऑफिसात बसून ते नीट लावते. दंडघेर म्हणजे डाव्या दंडाच्या मधोमधचा घेर. ११.५ सेंमीच्या खाली आला की पट्टीवर लाल, मूल सॅम म्हणजे तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ पिवळा, त्याच्या वर हिरवा.

त्या दिवशी तीन महिन्यांच्या सगळ्या मोजमापांचा एक साधा आलेख काढला, कोणता आकडा किती वेळा आलाय एवढाच. खरोखर मोजलेलं असलं की तो टेकडीसारखा येतो, दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जातो. आमचा आला तो सुरीने कापल्यासारखा. ११.२, ११.३, ११.४ जवळपास रिकामे आणि ११.६ वर एकदम उंच खांब. फॉर्म्युला चुकला असेल म्हणून दोनदा तपासला, चुकला नव्हता.

हा आलेख काढायला मला आमच्या सीईओ सरांनीच शिकवलं होतं. सर दोन वर्षांपूर्वी आले, साबण-शाम्पू विकणाऱ्या मोठ्या कंपनीतून. ट्रस्टींनी मुद्दाम आणलं, कारण आता पैसा कंपन्यांकडून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यात सीएसआरची, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायची, तरतूद आली, २०१४ पासून ती लागू झाली, आणि तेव्हापासून डोनरचा पहिला प्रश्न 'प्रति लाभार्थी खर्च किती' हाच असतो. आमच्या जुन्या लोकांना सर आवडले नाहीत, 'आपण काय दुकान चालवतो का' असं उघड बोलायचे. मला आवडले, आणि आजही मी ते बदलत नाही. सर यायच्या आधी आमच्या स्टोअरमध्ये लोहाच्या सिरपची खोकी तारीख उलटून पडलेली असायची आणि त्याच आठवड्यात वरच्या गावात सिरप संपलेलं असायचं. दोन प्रोजेक्टच्या दोन गाड्या एकाच दिवशी एकाच घाटाने वर जायच्या, कारण डोनर वेगळे. पगार दोन-दोन महिने उशिरा आणि वर सेवाभाव ऐकवायचे, घरात किराणा भरायचा असतो तेव्हा ते फार लागतं. सरांनी सहा महिन्यांत हे सगळं सरळ केलं. ज्याची तारीख आधी संपते ते आधी बाहेर, गाड्यांचं एकच वेळापत्रक, पगार एक तारखेला. सेवेच्या नावाखाली चालणारा गबाळेपणा हा गरिबाच्याच खिशातून जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

सर नेहमी मदुराईच्या अरविंदचं उदाहरण द्यायचे. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर डोळ्यांचं हॉस्पिटल सुरू केलं, मॅकडोनाल्डसारखी ठरावीक पद्धत ऑपरेशनला लावली, पैसे देणाऱ्यांच्या जोरावर बाकीच्यांचं फुकट केलं, १९९२ पासून लेन्ससुद्धा स्वतः बनवायला लागले. उदाहरण खरंच भारी आहे. पण त्यातली एक गोष्ट मला आता सुचतेय. तिथे डोळ्यावरची पट्टी काढली की पेशंटला स्वतःला कळतं दिसतंय की नाही. आमच्याकडे आठ महिन्यांचं पोर काय सांगणार.

स्टोअर आणि गाड्या झाल्यावर सरांनी कार्यकर्त्यांचं स्कोअरकार्ड आणलं. आठ आठवड्यांत किती सॅम मुलं वर आली, किती रेफर झाली म्हणजे उपचाराला पाठवली गेली, किती 'रेफर बाकी' राहिली. हिरवा, पिवळा, लाल. पहिल्या तिघींना दर महिन्याला दीड हजार आणि सलग तीन महिने लाल आली तर ऑफिसला बोलावणं. मीच ते शीट बनवलं. मेहनतीने बनवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी काढून ज्या गावात खांब सगळ्यात उंच होता तिथे गेले. पाऊस होता, शेवटचे तीन किलोमीटर चालत.

मोजायचं कसं ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. मग हात सरळ, सैल सोडायचा, पोर रडून ताठ झालं असेल तर थांबायचं, आईला दूध पाजू द्यायचं. पट्टी खाचेतून ओवून कातडीला टेकली पाहिजे पण कातडी दबली नाही पाहिजे. थोडी ढिली धरली की दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतात आणि बघणाऱ्याला काहीही कळत नाही. लाल आणि पिवळ्यातलं अंतर तेवढंच असतं.

१४ मुलं मोजली. पाच जणांचा आकडा नोंदीपेक्षा कमी आला. त्यातल्या एका मुलीचं टॅबवर ११.६ होतं, माझ्या पट्टीवर ११.१. तीनदा मोजलं. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघितला, खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती, तेवढंच बरं. पण दंडाची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती.

कार्यकर्ती शेजारी उभी होती. तिथलीच, कोरकू, सात वर्षं काम करतेय. मी तिच्याकडे बघितलं तर तिने नजर चुकवली नाही.

"ताई, मले माहीत हाये आकडा खोटा हाये. खरा लिहला तं दर आठवड्याले टॅबवर लाल येते, रेफर बाकी, रेफर बाकी. तिची माय एनआरसीत येत नाही म्हनते. मी का तिले उचलून नेऊ?"

एनआरसी म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र, तिथे कुपोषित पोराला आईसकट ठेवून उपचार करतात. आई का येत नव्हती? मोठ्या पोराच्या वेळी ती एनआरसीत चौदा दिवस राहून आली होती. आत्ता सोयाबीनचं निंदण चालू, नवरा कामाला बाहेर, घरात चार शेळ्या, आणि तो मोठा पोरगा कोणाकडे ठेवायचा. बुडीत मजुरी मिळते, पण शेळ्या कोण बघणार याचं उत्तर त्यात नाही. माझ्या फॉर्ममध्ये 'आई तयार नाही, कारण अमुक' असा रकानाच नव्हता. रेफर झालं किंवा बाकी, दोनच पर्याय. मी ठेवले होते. आणि ही बाई खोटा आकडा टाकून घरी बसली नव्हती, रोज संध्याकाळी स्वतःच्या घरून त्या मुलीला अंडं आणि खिचडी नेत होती. ते कुठल्याच शीटमध्ये आलं नाही. बाकी चार आकड्यांचं मात्र असं काही कारण नव्हतं, ते तिने तसेच मान्य केले, आणि मी तिला तिथे रागावले. अजूनही रागावणं बरोबर होतं की नाही ठरत नाहीये.

संध्याकाळी सरांना आलेख दाखवला. मला वाटलं होतं चिडतील, कार्यकर्त्यांना काढा म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे मी ओळखायला हवं होतं. आमचे सेल्समन मंथ एंडला टार्गेटसाठी डीलरच्या गोदामात माल कोंबायचे. पण तिथे दोन-तीन महिन्यांनी न विकलेला माल परत यायचा, त्यावरून आम्हाला कळायचं. इथे परत काय येणार?"

मी काहीच बोलले नाही. पावसाळ्यात मेळघाटात काय परत येतं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

तेव्हापासून मी हेच घोळवतेय. दुकानात पैसे देणारा आणि माल घेणारा एकच असतो, माल खराब निघाला तर तो दुकान बदलतो. आमच्याकडे पैसे देणारा मुंबईत आणि घेणारी ही मुलगी, दोघं एकमेकांना कधी बघणार नाहीत, मध्ये फक्त माझं शीट. मग सगळी यंत्रणा कोणाला खूश करायला धावणार? डिझेलला, सिरपच्या खोक्यांना कंपनीची शिस्त लावली तर फायदाच आहे, खोकं खोटं बोलत नाही. कार्यकर्तीच्या पगाराला आकडा बांधला की तो आकडा मोजमाप राहत नाही, तिची बाजू मांडायचा कागद होतो.

आम्ही दीड हजाराचं बक्षीस बंद केलं. कारणाचा रकाना टाकला. दर दहावं मूल दुसऱ्या माणसाने, आधीचा आकडा न बघता पुन्हा मोजायचं असं ठरवलं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळं वाचवली, १९९९ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि जगाने मानलं कारण त्यांनी जन्म-मृत्यूची मोजणी काटेकोर ठेवली होती. पण ही दुसरी मोजणी करणारा सुपरवायझर आमच्या बजेटमध्ये बसत नाही. डोनरच्या तक्त्यात तो 'अ‍ॅडमिन' मध्ये जातो आणि अ‍ॅडमिन कमी दाखवायचा असतो. परदेशी निधीवर तर त्याच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. तपासणारा माणूस हा वरखर्च आणि न तपासलेला आकडा हा 'इम्पॅक्ट', याचा मला मनापासून संताप येतो.

सरांनी डोनरला स्वतः पत्र लिहिलं. आधीचे आकडे चुकीचे आहेत, दुरुस्त केल्यावर सॅम मुलं वाढलेली दिसतील, आणि सुपरवायझरचे पैसे प्रोग्राममध्ये धरावेत. सोमवारी त्यांचा कॉल आहे, पुढच्या वर्षीचं फंडिंग त्यावर आहे.

ती मुलगी तिसऱ्या दिवशी आईबरोबर एनआरसीत गेली. शेळ्या आणि मोठा पोरगा कार्यकर्तीच्या सासूने सांभाळले. चौदा दिवसांनी घरी आली तेव्हा वजन चांगलं वाढलं होतं, दंडघेर ११.४. म्हणजे पट्टीवर अजून लालच. कार्यकर्तीने टॅबवर ११.४ टाकलं. मी परवा पुन्हा घाट चढून गेले आणि स्वतः मोजलं. ११.४ च आहे.