शाळेचे खाचर

आषाढी एकादशी होऊन गेली की आमच्या शाळेच्या फळ्यावर दरवर्षी तीच सूचना लिहिली जाई: इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांनी शनिवारी जुने कपडे घालून, टॉवेल आणि कपड्यांचा एक जादा जोड घेऊन सकाळी साडेसहा वाजता हजर राहावे. सहल हा शब्द त्या सूचनेत कधीच नसे. मुले त्या दिवसाला नुसते ‘लावणी’ म्हणत, आणि पुण्यातल्या एका भरवस्तीतल्या शाळेत सहावीतली मुले-मुली “आमची लावणी कधी आहे?” असे एकमेकांना विचारत हिंडू लागली की नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांची जी चुळबुळ होई, ती पाहण्यात आम्हा जुन्या मंडळींना फार मौज वाटे. मी १९९९ पासून निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही बोलावणे आले तेव्हा तेव्हा, या लावणीला गेले आहे.

बस सोमाटणे फाट्यावरून पवन मावळाकडे वळली की पावसाचा रंगच बदले. शहरात रिमझिम म्हणून ज्याचे कौतुक व्हायचे, तो पाऊस येथे आडवा येऊन खिडक्यांच्या काचांवर आपटे. तिकोना बहुतेक वर्षी ढगातच असे, आणि तो दिसला म्हणणारा एक तरी मुलगा प्रत्येक बसमध्ये असे. ज्यांच्या शेतावर आम्ही जात असू त्यांना मुले तात्या म्हणत आणि त्यांच्या पत्नीला मावशी. रस्त्यापासून त्यांच्या घरापर्यंत बांधावरून दहा मिनिटे चालावे लागे, आणि अनवाणी चाला, असे कितीही बजावले तरी शहरातली मुले चपला घालूनच त्या वाटेला लागत. दरवर्षी दोन-तीन चपला चिखलाच्या पोटात जात, आणि त्या शोधायला वेळ नसल्यामुळे तेवढी मुले एका पायात चपल घालून घरी परतत.

पहिली तीन-चार वर्षे आम्ही जे करत होतो त्याची आता थोडी लाज वाटते. मी बांधावर छत्री धरून भातशेतीवर बोलत असे, मुले एक तासभर खाचरात उतरत, रोपांपेक्षा एकमेकांना जास्त चिखल लावत, छायाचित्रे काढली जात, मग पिठले-भाकरी आणि परतीचा प्रवास. सोमवारी निबंध लिहायला सांगितला की पन्नास वह्यांमध्ये ‘शेतकरी किती कष्ट करतो’ हे एकच वाक्य पन्नास हस्ताक्षरांत वाचायला मिळे. आम्ही मात्र खूश होतो. मुले मातीत उतरली, याहून अधिक काय हवे, अशी आमची समजूत होती.

चौथ्या वर्षी शाळेचे हजेरीपुस्तक तात्यांच्या पडवीत विसरले आणि ते आणायला मी दुसऱ्याच दिवशी एकटीने गेले. आम्ही लावलेल्या खाचरात मावशी आणि आणखी चार बायका इरली पांघरून वाकलेल्या होत्या, आणि आमच्या मुलांनी लावलेली रोपे उपटून नव्याने लावत होत्या. मला पाहून मावशी तशाच थबकल्या. तात्या बांधावरून पुढे आले आणि अत्यंत संकोचून म्हणाले, “बाई, राग मानू नका. पोरांची हौस व्हती, म्हनून काय बोललो न्हाई. पर दरसाल आमाला हे परत लावावंच लागतं.”

मग हळूहळू सगळे कळत गेले. मुले एका जागी सात-आठ रोपांचा झुपका कोंबत, काही रोपे कोपरापर्यंत हात घालून इतकी खोल रोवत की ती फुटणेच शक्य नसे, तर काही इतकी वरवर की संध्याकाळपर्यंत पाण्यावर तरंगू लागत. शिवाय लावणीच्या दिवसांत मावळात सावड चालते: आज चार घरच्या बायका तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आमच्यासाठी अर्धा दिवस थांबलेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेल्या त्या बायकांचे श्रम मावशींना नंतर दुसऱ्यांच्या शेतात फेडावे लागत होते. आम्ही मात्र जेवणाचे पैसे देऊन, आभार मानून, टाळ्या वाजवून परतत होतो.

त्या रविवारी पडवीत बसून जे ठरले त्यातून पुढची सगळी वर्षे घडली. तात्यांनी ओढ्याकडेचे दोन गुंठ्यांचे एक खाचर शाळेला तोडून दिले. त्याचा खंड शाळेने भरायचा, बियाणे-खत शाळेने आणायचे, आणि त्यात जे पिकेल ते शाळेचे, न पिकेल तेही शाळेचे. मुलांनी लावलेली रोपे कोणीही दुरुस्त करायची नाहीत, ही अट मी घातली. मावशींना ती पाळणे फार जड गेले. वाकडी ओळ पाहून त्यांचे हात शिवशिवत, हे त्यांनी स्वतःच मला एकदा सांगितले.

लावणीच्या आधीचे काम शाळेतच सुरू होऊ लागले. जूनमध्ये शाळा उघडली की विज्ञानाच्या तासाला दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात इंद्रायणीचे बियाणे ओतायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, तळाशी बसलेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे आणि तात्यांकडे पेरायला पाठवायचे. रोप वीस-पंचवीस दिवसांचे झाले की लावणीजोगे होते, म्हणून आमची तारीख तिथीवर ठरत नसे, तर तात्यांनी पेरणीचा दिवस कळवला की त्यावरून मुलेच मोजून काढत. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची जात, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून आलेली आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेली. म्हणजे १९९९ मध्ये लावणीला आलेल्या आमच्या पहिल्या तुकडीतल्या मुलांच्याच वयाची. ‘आमच्याबरोबरचा तांदूळ’ म्हणून त्या तुकडीला तिच्याविषयी भलताच जिव्हाळा होता.

गावच्या कृषी सहायकांनी आम्हाला भातलागवडीची चारसूत्री पद्धत दाखवली, आणि गणिताच्या शिक्षकांना त्या दिवसापासून लावणीत आमच्याहून अधिक रस वाटू लागला. या पद्धतीत लावणीसाठी एक दोर असतो आणि त्यावर पंचवीस आणि पंधरा सेंटिमीटर अशा एकाआड एक खुणा असतात. दोन मुले दोन्ही बांधांवर दोर ताणून धरतात, बाकीची प्रत्येक खुणेपाशी दोन किंवा तीन रोपांचा एक चूड लावतात, आणि दोरही तसाच पंचवीस, पंधरा असा मागे सरकत जातो. चौरस मीटरला सरासरी पंचवीस चूड बसतात, म्हणजे दोन गुंठ्यांत सुमारे पाच हजार. सहावीच्या दोन तुकड्यांतली ऐंशी मुले धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ-बासष्ट येतात. दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची, म्हणजे गोळ्या साडेबाराशे. हे सारे हिशेब फळ्यावर आधीच झालेले असत, आणि तरीही खाचरात उतरल्यावर गोळ्या एकतर उरत तरी किंवा कमी तरी पडत.

त्या दिवसाचे मला सर्वांत स्पष्ट आठवते ते म्हणजे मुलांचे गप्प होणे. पाय पहिल्यांदा चिखलात जातो तेव्हा किंचाळ्या उठतात, कोणीतरी हमखास बसकण मारते, खेकडा दिसल्याची आरोळी येते; पण दोर ताणला गेला आणि मागे मागे सरकत लावायचे लक्षात आले की पाच-सात मिनिटांत सगळे खाचर शांत होते आणि फक्त पावसाचा आवाज उरतो. मग पलीकडच्या खाचरातून बायकांची भलरी ऐकू येई. पहिल्या वर्षी मी मुलांना तिच्या पाठोपाठ म्हणायला लावले आणि ते अगदी कवायतीसारखे वाटले. पुढे मी ते सोडून दिले, तेव्हा मुले आपोआप गुणगुणू लागली.

ज्याच्या पायाला जखम असेल त्याने चिखलात उतरायचे नाही, हा नियम मात्र आम्ही कधी मोडला नाही, कारण पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीती खरी असते. अशी चार-पाच मुले बांधावर बसून रोपांच्या मुठी मोजून पुढे देत. एका वर्षी गुडघा फुटलेल्या एका मुलीने हे काम इतक्या करड्या शिस्तीने केले की तात्या तिला ‘मुकादम’ म्हणू लागले, आणि तिला ते नाव शाळा सुटेपर्यंत चिकटले.

कापणी दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरमध्ये होई. जुलैतले तळे आता कोरडे आणि पिवळे झालेले असे, आणि एखाद्या तरी मुलाला हेच ते खाचर यावर विश्वास बसत नसे. विळा आम्ही मुलांच्या हातात मोजकाच दिला. एक विळा, एक मोठा माणूस आणि एक मूल अशी जोडी असे. पेंढ्या खळ्यावर आणून फळीवर झोडायला मात्र सगळ्यांना मुभा होती, आणि वर्षभरात वर्गात कोणावर राग असेल तर तो येथे काढून टाकावा, असे मी सांगत असे. मग मावशी सूप घेऊन वाऱ्याला उभ्या राहत आणि उपणण्याच्या त्या एका हालचालीपुढे आमच्या सगळ्यांचे हात खोटे ठरत.

येथेच शब्दांचा घोळ होई. शेतात उभा असतो तो भात, झोडल्यावर पोत्यात भरतो तोही भात, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि पातेल्यात शिजला की पुन्हा भात; मावळातल्या माणसाला यात काहीच वावगे वाटत नाही, पण शहरातल्या मुलांना “आज किती भात झाला?” या प्रश्नावर जेवणच आठवे. पहिल्या वर्षी पन्नास किलो भात झाला. तात्यांच्या तेवढ्याच जागेत त्याच्या दीडपट निघाला होता. कामशेतच्या गिरणीतून तो भरडून आला तेव्हा तांदूळ बत्तीस किलो भरला, आणि उरलेले अठरा किलो कोठे गेले, यावर एका पालकांनी मला खरोखरच विचारणा केली होती. त्यांना मी तूस आणि कोंडा पिशवीत घालून दाखवला.

तो तांदूळ जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात शिजे. नाच-गाणी, नाटुकली, बक्षिसे हे सर्व इतर शाळांसारखेच, त्याविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. पण दुपारच्या पंगतीत सहावीने वाढलेला इंद्रायणीचा मऊ, चिकट, वासाचा भात आणि वरण हेच आमचे पक्वान्न असे. तात्या आणि मावशी पाहुणे म्हणून पहिल्या पंगतीला बसत. तात्या भाषण करायला कधी तयार झाले नाहीत. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून त्यांनी “औंदा ओळी बऱ्या व्हत्या” एवढेच म्हटले, आणि सहावीने सभागृह डोक्यावर घेतले.

अलीकडे शेतसहलींचा बराच बोलबाला आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि पुण्याच्या चारी बाजूंना शाळांसाठी बैलगाडी, मडकी घडवणे आणि पावसाचे कृत्रिम कारंजे अशी दिवसभराची व्यवस्था मिळते. त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते चांगलेच आहे. माझा आक्षेप एवढाच की तेथून मूल परत येते तेव्हा त्याच्या हातून काही बिघडलेले नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा शाळाच कुरणात गेली होती, कारण मुलांचे काम खरे होते. आमच्या मुलांचे काम निदान दोन गुंठ्यांपुरते तरी खरे असावे, अशी माझी धडपड होती.

२०२० च्या जुलैत शाळा बंद होती. तात्यांचा फोन आला: “तुमचं खाचर लावलंय, बाई. दोर लावूनच लावलंय.” आता त्यांचा मुलगा शेत पाहतो, चिखलणीला बैलांऐवजी पॉवर टिलर असतो आणि मुले त्याच्याभोवती जास्त गर्दी करतात. चपलांचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. जुलैत चिखलाने गिळलेली चपल नोव्हेंबरात कापणी करताना वाळलेल्या ढेकळांतून वर येते, आणि मावशी ती धुऊन पडवीच्या कुडाला टांगून ठेवतात. मालक येतो तेव्हा पाय वाढलेला असतो किंवा जोडीतली दुसरी कधीच फेकलेली असते. गेल्या खेपेला मी मोजल्या तेव्हा एकोणीस होत्या, आणि त्यांतली कोल्हापुरी पट्ट्याची, पहिल्याच वर्षीची, माझी आहे.