कोणते वानखडे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "सर, कोणी आडनाव विचारलं की तुम्ही जातही सांगून मोकळे होता. काय गरज?" हे मला शाळेत, लग्नात, एसटीतसुद्धा विचारलं जातं, आणि विचारणारे बहुतेक माझ्या भल्यासाठीच विचारतात.

आमच्या वऱ्हाडात वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, आम्हा बौद्धांतही आहेत. म्हणून आडनावावर भागत नाही. पुढचा प्रश्न येतोच, "कोन्ते वानखडे?" नोकरी लागली तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात खोली पाहायला गेलो, तर घरमालकीणबाईंनी हेच विचारलं. मी म्हटलं, "अकोल्याकडचे." त्यांना जे समजायचं ते समजलं, मीही समजू दिलं. खोली मिळाली. कधीमधी भाकर-झुणकाही येऊ लागला.

चार महिन्यांनी बाबा भेटायला आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा त्यांना नागपूरला दीक्षेला घेऊन गेले होते. नऊ वर्षांचे होते बाबा. परतल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, हे ते दर दसऱ्याला सांगत. कोणाच्याही दारात गेले तरी त्यांचा पहिला शब्द 'जय भीम'. मी त्यांना बसस्टँडवर गाठलं आणि वाटेतच म्हटलं, "बाबा, इथं जय भीम म्हणू नका."

ते काही बोलले नाहीत. मालकीणबाईंना नुसते हात जोडले. मुक्कामाला आले होते, चारच्या गाडीनं परत गेले. मालकीणबाई शेवटपर्यंत चांगल्याच वागल्या. बाबांना लहान केलं ते मी. त्यावर आमचं पुढं कधी बोलणं झालं नाही, आणि आता ते नाहीत.

तेव्हापासून मी आधीच सांगतो. काही जण गप्प होतात, विषय कापसाच्या भावावर नेतात. शाळेतले एक कुणबी सहकारी मात्र म्हणाले, "आता कोन पाह्यते जात?" त्यांना विदर्भातले शेतकऱ्यांचे पुढारी भाऊसाहेब पंजाबराव देशमुख यांचा मोठा अभिमान. मी म्हटलं, "भाऊसाहेब १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ आमच्यासाठी उघडावं म्हणून उभे राहिले. तुमच्या घरच्या तेरवीत आमच्या वस्तीची माणसं कोणत्या पंगतीला बसतात?" मग माझ्याही घरचं सांगितलं. आमच्याकडे मातंगांची चार घरं आहेत. बुद्धजयंतीच्या जेवणाला ती असतात, पण सोयरीक म्हटली की माझी आई म्हणते, "थे कसं जमन?" आणि मी ऐकून घेतो.

ते डबा उघडा ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "आमच्या सपरीत वळचणीले एक कप असते. कानतुटका. वेचणीच्या बायांसाठी. लहानपणापासून पाह्यतो, कोनाले इचारलं नाही कधी."

दिवाळीनंतर त्यांनी आपणहून सांगितलं, आईला विचारलं म्हणून. कप अजून तिथंच आहे. पण तो कोणासाठी ठेवलाय, हे आईनं पहिल्यांदा तोंडानं सांगितलं.

या रविवारी मी गावी जातोय. आईशी बोलायचं आहे.