बस्तरचा दसरा: अष्टमीला पोचा, मुरिया दरबार होईपर्यंत हलू नका

छत्तीसगडातल्या बस्तरमध्ये, जगदलपूरच्या दसऱ्यात रावण जाळत नाहीत. हा दसरा रामाचा नव्हेच, बस्तरच्या दंतेश्वरी देवीचा. आपट्याची पानं आणि शस्त्रपूजा डोक्यात धरून गेलात तर पहिला दिवस गोंधळातच जाईल. इथे बघायचं असतं ते एकच: आज कोणत्या गावाचा मान आहे आणि ते गाव काय करतंय. एवढं कळलं की गर्दीतूनही वाट सापडते.

दसरा पंच्याहत्तर दिवसांचा म्हणतात ते खरं आहे. सुरुवात होते आषाढ अमावस्येला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेला. तिकडच्या पौर्णिमान्त पंचांगात तीच श्रावणातली हरेली. त्या दिवशी बिलोरी गावाहून आणलेल्या ओंडक्याची दंतेश्वरी मंदिरासमोर पूजा होते, तिला पाट जात्रा म्हणतात. अधिक महिना आला की आकडा फुगतो. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे हाच दसरा 107 दिवस चालला होता. एवढी रजा कोणाला मिळणार? बहुतेक पर्यटक म्हणूनच विजयादशमीला सकाळी येतात, रात्री रथ बघतात आणि दुसऱ्या दिवशी चित्रकोटच्या धबधब्यावर फोटो काढून परततात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट बेत, कारण खरी गंमत दशमीच्या रात्री सुरू होते आणि पुढचे दोन दिवस पुरते. अष्टमीला दुपारपर्यंत पोचा आणि द्वादशीचा मुरिया दरबार, म्हणजे गावांच्या अडचणी मांडायची सभा, आटोपल्याशिवाय निघू नका. रजा जास्त असेल तर द्वितीयेपासूनच या, कारण फुलांनी सजवलेला चार चाकी फूलरथ द्वितीया ते सप्तमी रोज संध्याकाळी फिरतो.

पोचण्याचं आधी सांगतो. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीने रायपूर गाठायचं, तिथून जगदलपूर रस्त्याने सुमारे 300 किलोमीटर. बसला सहा-सात तास लागतात आणि केशकाल घाटात ट्रकांची रांग लागली तर त्याहून जास्त. रात्रीच्या स्लीपर बस भरपूर आहेत, पण एक प्रवास तरी दिवसा करा. घाट आणि कोंडागावच्या आसपासची सालाची जंगलं झोपेत घालवण्यासारखी नाहीत. दुसरी वाट विशाखापट्टणमहून, अराकूमार्गे किरंदुलकडे जाणाऱ्या रेल्वेची. बोगद्यांमागून बोगदे, फार देखणी. वेळ लागतो आणि परतीच्या पावसात घाटात दरड आली तर गाडी अलीकडेच थांबते, म्हणून ही वाट जाताना नव्हे, येताना धरा. गडचिरोलीकरांना सिरोंच्याहून इंद्रावती ओलांडून भोपालपटनम, बीजापूर असाही रस्ता आहे. लांबचा आणि जंगलाचा आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि अंधाराच्या आत मुक्काम गाठा. विमानाच्या फेऱ्या बदलत असतात, त्यांच्या भरवशावर रजा टाकू नका.

राहण्याची सोय महिनाभर आधी करा. सरकारी विश्रामगृहं या दिवसांत अधिकाऱ्यांनी भरलेली असतात. लॉज निवडताना खोलीपेक्षा अंतर बघा. सिरहासार भवन, दंतेश्वरी मंदिर, राजवाडा आणि गोल बाजार हे सगळं चालत फिरायचं आहे. रात्री रस्ते बंद असतात, तेव्हा लांबच्या चकचकीत हॉटेलात उतरलात तर रिक्षाच मिळणार नाही.

आता दसऱ्याकडे. सगळ्यात आधी देवीची परवानगी लागते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावस्येला, भंगाराम चौकात काछिनगादी होते. मिरगान समाजातली एक लहान मुलगी काट्यांच्या झुल्यावर बसते आणि तिच्या अंगात आलेली काछिनदेवी दसरा करायला मोकळीक देते. राजघराण्यानेही तिथे हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी बडे आमाबाल गावचा हलबा समाजातला एक तरुण सिरहासारमध्ये खणलेल्या खड्ड्यात बसतो. हा जोगी. नऊ दिवस उपास करून तो तिथेच बसून राहतो, उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून. अष्टमीला पोचलात तर तो दिसेल, नवमीला त्याला उठवतात. लोक येतात, पाया पडतात, पुढे सरकतात. सेल्फी काढणारेही असतातच, पण तुम्ही काढू नका.

रथाचंही असंच वाटप आहे. लाकूडकाम बेडा उमरगावच्या सुतारांचं, लोखंडकाम झार उमरगावच्या लोहारांचं, दोर सियाडीच्या वेलीच्या सालीचे आणि तेही ठरलेल्या गावांनी वळायचे. फूलरथ ओढणारे परगणे वेगळे, दशमीचा आठ चाकी रथ ओढणारे वेगळे. म्हणतात की पंधराव्या शतकात राजा पुरुषोत्तमदेव जगन्नाथपुरीला गेला, तिथून त्याला रथपती ही पदवी आणि सोळा चाकांच्या रथाचा मान मिळाला. चार चाकं त्याने जगन्नाथाला दिली, तो इथला गोंचा उत्सव. उरलेल्या बारा चाकांचे पुढे आठ आणि चार असे दोन रथ झाले. पूर्वी रथावर राजा बसायचा, आता दंतेश्वरीचं छत्र असतं. छत्र वर चढवताना पोलीस बंदुकीची सलामी देतात. जवळ उभे असाल तर लहान मुलांचे कान झाका.

अष्टमीच्या मध्यरात्री अनुपमा चौकाजवळच्या गुडीत, म्हणजे देवळात, निशा जात्रा असते. इथे बोकडांचा बळी देतात. ज्यांना सोसवणार नाही त्यांनी जाऊच नये, आणि जाऊन तिथे इतरांना व्याख्यान तर मुळीच देऊ नये. मी थोडा वेळ मागे उभा राहून परतलो. नवमीची रात्र मात्र कोणीही चुकवू नये. दंतेवाड्याहून मावलीदेवीची डोली आणि दंतेश्वरीचं छत्र येतं, त्यांचं स्वागत करायला अख्खं शहर रस्त्यावर असतं. हा मावली परघाव. सनईसारखी मोहरी आणि नगारे वाजत असतात, गावोगावचे देव आपापल्या काठ्या, छत्रं, डोल्या घेऊन पोचलेले असतात. त्यात आंगादेव सांभाळा: लाकडी ओंडक्यांचा देव, तो खांद्यावर घेतलेली माणसं देव नेईल तिकडे वळतात. मध्येच गर्रकन फिरतात. मोबाइल वर धरून उभ्या असलेल्यांना बाजूला व्हायची सवड मिळत नाही, म्हणून भिंतीला किंवा दुकानाच्या पायरीला पाठ लावून उभे राहा.

दशमीची रात्र म्हणजे भीतर रैनी. मोठा रथ किलेपाल परगण्यातले माडिया ओढतात. आपल्याकडे माडिया म्हटलं की भामरागड आठवतं. हे दंडामी माडिया, इंद्रावतीच्या या बाजूचे. शेकडो माणसं दोराला, मधून कोणीतरी आरोळी देतं, रथ हातभर सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. दोराला हात लावू का म्हणून मी एका दादांना विचारलं. ते हसून म्हणाले, ‘‘हा दोर किलेपालचा. तुमचं काम बघायचं.’’ मी निमूटपणे पायरीवर जाऊन बसलो.

फेरी संपते आणि मग हीच मंडळी रथ पळवून नेतात. शहराच्या कडेला कुम्हडाकोट नावाची जंगलाची जागा आहे, तिथे नेऊन दडवतात. दडवतात म्हणायचं, तो एवढा उंच की लांबून दिसतो. सांगतात ते असं की राजावर रुसलेल्या माडियांनी एकदा खरोखरच रथ नेला आणि राजाला त्यांची समजूत काढायला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी, बाहर रैनीला, राजघराण्यातली मंडळी कुम्हडाकोटला जातात, गावकऱ्यांबरोबर नव्या भाताची नवाखानी खातात, आणि मगच रथ परत येतो. पर्यटक निघून गेलेले असतात, त्यामुळे हा दिवस बघायला सगळ्यात सोपा. दुपारी चालत कुम्हडाकोटला जा. झाडांखाली चुली मांडलेल्या असतात, माणसं झोपलेली, गप्पा मारत बसलेली असतात. पाण्याची बाटली, टोपी आणि एखादी चादर बरोबर ठेवा. रथ निघायला किती वाजतील ते विचारू नका.

त्यानंतर सिरहासारमध्ये मुरिया दरबार. 1876 पासून चालत आलेला. पूर्वी राजासमोर, आता बहुतेक वेळा मुख्यमंत्र्यांसमोर, गावोगावचे मांझी आणि चालकी, म्हणजे पारंपरिक मुखिये, उभे राहून आपापल्या परगण्याच्या अडचणी मांडतात. भाषणं लांबतात, बंदोबस्तामुळे आत जागा मिळेलच असं नाही. मिळाली तर हलबी, ही इथली बोली, कान देऊन ऐका. इंग्रज भाषाभ्यासक ग्रियर्सनने भारताच्या भाषा सर्वेक्षणात ती मराठीच्या खंडात घातली होती; मधूनमधून एखादं वाक्य सहज उलगडतं आणि पुढचं पूर्ण निसटतं. बोलायला हिंदी पुरते, पण भेटल्यावर ‘जोहार’ म्हणा, समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

खाण्याचे हाल नाहीत, पोहे-समोसे सकाळी कुठेही मिळतात. संजय बाजारात लाल मुंग्यांची चापडा चटणी पानावर विकायला असते, आंबटजहाल, भाताबरोबर थोडीशी घ्या. सल्फी (ताडीसारखा झाडाचा रस) आणि महुआ (मोहाची दारू) लोक प्रेमाने पुढे करतात. सल्फी सकाळची ताजी बरी, उन्हं चढली की ती चढते. ढोकऱ्याच्या, म्हणजे ओतीव धातूच्या, मूर्ती जत्रेतल्या दुकानांपेक्षा कोंडागावात कारागिरांकडून घ्या, परतीच्या वाटेवरच आहे.

चित्रकोट धबधबा जगदलपूरपासून 40 किलोमीटरच्या आत आहे आणि दसऱ्याच्या सुमारास इंद्रावतीला भरपूर पाणी असतं. एकादशीला सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं, रथ चुकत नाही. तीरथगडचा धबधबाही जमेल. कुटुमसर गुहा पावसाळ्यात बंद ठेवतात आणि तोवर बहुधा उघडलेली नसते, तेव्हा तिच्यासाठी गाडी ठरवू नका. दंतेवाड्याचं मूळ मंदिर, शंखिनी आणि डंकिनीच्या संगमावरचं, शेवटी ठेवा. मावलीची डोली जगदलपूरहून निरोप घेऊन निघते त्या दिवशी, ओहाडीला, दंतेवाड्याच्या बस तुडुंब भरतात. एक दिवस उशिरा गेलात तर बसायला जागा मिळेल.