घुबडाच्या पोटातून दिसलेलं सेरेंगेटी

टांझानियाला निघालेल्या मंडळींची यादी ठरलेली असते: सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या, रानम्हैस. आमच्या गाडीतही तीच यादी होती. मला मात्र तिथली घुबडं काय खातात ते बघायचं होतं. सव्हानाच्या गवतात उंदीर, जर्बिल (उंदरांचेच कोरड्या भागातले भाऊबंद) आणि चिचुंद्र्या अमाप आहेत, आणि सफारीला गेलेला माणूस त्यातलं बहुधा एकही न बघता परत येतो. हे प्राणी बहुतेक रात्री हिंडतात आणि अंधार पडला की राष्ट्रीय उद्यानात सहसा गाड्या फिरू देत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायची सगळ्यात सोपी वाट घुबडाच्या पोटातून जाते.

ती वाट मला सापडली कराटूला. गोरोंगोरो डोंगराच्या उतारावरचं हे गाव. लाल माती, मका, गहू, कॉफीचे मळे. आम्ही उतरलो होतो त्या घरामागे धान्याचं जुनं कोठार होतं आणि त्याच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी. आपल्याकडच्या गव्हाणीचंच हे जवळचं नातेवाईक, तोच बदामाच्या आकाराचा चेहरा. घुबड दिसलं की अपशकुन, हा समज तिकडेही घट्ट आहे. तरी या घरच्या बाईंनी त्यांना हुसकू द्यायचं नाही अशी ताकीदच दिली होती. मक्याची कणसं कोण फस्त करतं आणि त्यांना कोण खातं, हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या.

आढ्याखाली पेलेटचा सडा पडला होता. गव्हाणी घुबड भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं. मांस पचतं; केस आणि हाडं पोटात दाबली जाऊन त्यांचा गोळा होतो आणि तो तोंडावाटे बाहेर येतो, तोच पेलेट. ताजा पेलेट काळा कुळकुळीत, वार्निश लावल्यासारखा चकाकतो. वाळला की करडा आणि हलका होतो. बाईंनी जुनं ताट आणि कोमट पाणी दिलं. मी हातमोजे आणि मास्क चढवून अंगठ्याएवढा एक पेलेट भिजवला आणि चिमट्याने केस बाजूला करत गेले. आधी एक जबडा निघाला, मग एक कवटी, मग आणखी दोन. बरगड्या सुईच्या टोकाएवढ्या बारीक, तरी बऱ्याचशा शाबूत.

भिंगातून दात बघितले की मालक ओळखू येतो. चिचुंद्रीचे दात टोकदार आणि इथल्या जातींमध्ये पांढरेशुभ्र. जर्बिलच्या वरच्या पुढच्या दातावर उभी खाच आणि दाढांवर आडव्या पट्ट्या. नेहमीच्या उंदरांच्या दाढांवर मात्र गोलसर उंचवट्यांच्या रांगा. माझ्या ताटात सगळ्यात जास्त हेच निघाले. शेताच्या कडेला ते बहुधा बहुस्तनी उंदीर असावेत, शास्त्रीय नाव मॅस्टोमिस नॅटालेन्सिस. यांच्या मादीला २४ पर्यंत स्तन असतात आणि एका वेतात दहा-बारा पिल्लं सहज होतात. पाऊस भरपूर झाला, बी-बियाणं मुबलक झालं की काही महिन्यांत त्यांचं पेव फुटतं आणि पेरलेला मका जमिनीतूनच उकरला जातो. मोरोगोरोच्या सोकोइने कृषी विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम चाललं आहे; हंगामाच्या सुरुवातीच्या पावसावरून उंदरांच्या सुळसुळाटाचा अंदाज बांधता येतो, हे तिथल्या अभ्यासातून पुढे आलं. सेरेंगेटीतही असं पेव फुटलं की कापशी घारी त्या भागात गोळा होतात, सर्व्हल (लांब पायांचं रानमांजर) आणि कोल्हेही वाढतात.

सेरेंगेटीतल्या सेरोनेराला नदीकाठच्या पिवळ्या सालीच्या बाभळीवर व्हेरोचं गरुड-घुबड दिसलं. आफ्रिकेतलं हे सगळ्यात मोठं घुबड. भर दुपारी डोळे मिटून बसलं होतं आणि पापण्या अगदी गुलाबी. झाडाखाली, गवतात, काट्यांची एक रिकामी सालटी पडली होती. गाईडने दुर्बीण माझ्या हातात दिली आणि सांगितलं, रात्री हेजहॉग खाल्लेला दिसतोय. हे घुबड हेजहॉगची काटेरी कातडी सोलून टाकतं आणि आतलं तेवढं खातं. याचं भक्ष्य मोठं, त्यामुळे ते फाडून खावं लागतं. साहजिकच पेलेटमधली हाडं मोडकी असतात आणि पचनाच्या खुणाही त्यांच्यावर जास्त दिसतात. माझं ताट गव्हाणीचं होतं म्हणूनच इतकं बोलकं निघालं.

हा फरक का महत्त्वाचा, ते ओल्डुवाई घळीच्या काठावर उभं राहिल्यावर नीट कळलं. इथे १९५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना ‘झिंज’ची, म्हणजे माणसाच्या एका प्राचीन नातेवाइकाची, कवटी सापडली आणि सगळे प्रवासी तेवढंच ऐकून पुढे सरकतात. पण याच थरांमध्ये उंदरांचे आणि चिचुंद्र्यांचे हजारो दात, हाडं आहेत. त्यातली बरीचशी शिकारी पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या पोटातून आलेली. दातावरचं इनॅमल आम्लाने किती झिजलंय ते बघून संशोधक ठरवतात की खाणारा कोण होता. कारण घुबडाची आवड-निवड वजा केल्याशिवाय तिथे खरोखर काय नांदत होतं ते कळत नाही. सगळ्यात खालच्या मोठ्या थरात वर वर येऊ तसे जर्बिल वाढत जातात. जर्बिल कोरड्या, उघड्या जमिनीचे. म्हणजे सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वी हा परिसर कोरडा होत चालला होता, आणि त्याची नोंद आपल्यापर्यंत पोचली ती इवल्याशा दाढांमधून. माझ्या मते या घळीतली ही सगळ्यात थरारक गोष्ट आहे, झिंजपेक्षाही.

उत्तरेला, केनियातल्या लाइकिपियात, १९९५ पासून एक प्रयोग चालू आहे. तिथे काही तुकड्यांना कुंपण घालून हत्ती, झेब्रे, हरणं, गुरं बाहेर ठेवली. त्या तुकड्यांमध्ये गालात थैली असलेल्या उंदरांची संख्या जवळपास दुप्पट झाली. खायला गवत-बी उरलं की उंदीर वाढणारच. त्यांच्यामागून सापही वाढले. मोठी जनावरं संपली तर सव्हाना रिकामी होत नाही, ती उंदरांची होते, आणि शेजारच्या शेतांना व घरांना पिसवांसकट त्याची झळ लागते.

जाणार असाल तर पहिल्याच संध्याकाळी गाईडला सांगून ठेवा की घुबडं बघायची आहेत. बहुतेकांना त्यांची झाडं पाठ असतात, फक्त कोणी विचारत नाही. हॅमरकॉप पक्ष्याची भलीमोठी जुनी घरटी दिसली की थांबा. गव्हाणी त्यात राहते. पेलेट उद्यानातून उचलायचे नाहीत. बाहेर, मालकाच्या परवानगीने उघडलेत तर हातमोजे-मास्क घाला आणि हाडं तिथेच ठेवा. मी फोटो काढले आणि ताट धुऊन परत केलं.